बाबांची कोलोनोस्कोपी: अर्धी तपासणी घरातच होते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही ताडून पाहता येईल. बाबा ७१ वर्षांचे. नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, लिफ्ट नाही. मधुमेह आहे. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवणाऱ्या एकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांपासून शौचावाटे अधूनमधून रक्त जातंय, हिमोग्लोबिन ९.१ वर आलंय, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या जागेतून नळी घालून मोठं आतडं आतून पाहायची तपासणी सांगितली आणि बाबा म्हणतात, "मूळव्याध आहे, पंचवीस वर्षांची. त्याला नळी कशाला घालायची?" तुम्ही कोथरूडला, भाऊ बंगळुरूला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: खरंच गरज आहे का, दुखतं का, आणि या वयात पोट साफ करायचं ते दोन लिटर औषध त्यांना झेपेल का.

मी पुण्यात एन्डोस्कोपी विभागात सिस्टर म्हणून २२ वर्षं काम करते. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी बंद करायची आणि कुठली चालू ठेवायची हे बाबांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दारातून आत आलेला पेशंट आदली रात्र कशी काढून आलाय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि बहुतेक वेळा तपासणी कशी होणार हेही तिथेच कळतं.

तुमच्या पत्रात मला एक चौथा प्रश्नही दिसला. तुम्ही तो उघड विचारलेला नाही: "मी मुलगी असून बाबांशी या विषयावर बोलू कशी आणि ती रात्र त्यांच्यासोबत काढू कशी?" माझ्या मते अडचण तिथेच आहे. नळीचं काम अर्ध्या तासात होतं आणि ते आमच्याकडे. त्याआधीचे तीन दिवस आणि एक रात्र तुमच्या घरात जाते. ती नीट गेली तर तपासणी नीट होते, नाहीतर जगातला उत्तम डॉक्टर असला तरी त्याला फक्त मळ दिसतो.

आधी गरजेचं. बाबांना मूळव्याध असेलही. पण मूळव्याध आहे म्हणून वर दुसरं काही नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि आम्ही ते नेहमी पाहतो. ७१ व्या वर्षी रक्त जातंय आणि हिमोग्लोबिन ९.१ आहे, तेव्हा रक्त नेमकं कुठून जातंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय "मूळव्याधच" म्हणून सोडून देता येत नाही. मोठ्या आतड्यात पॉलिप असू शकतो, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला कोंब. त्यातले काही वर्षानुवर्षं वाढत जाऊन कर्करोगात बदलतात. तो बदल व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, म्हणून वेळेत सापडलेला पॉलिप नळीतूनच काढून टाकता येतो आणि पुढचा आजार तिथेच थांबतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही दिसतो, विशेषतः लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे, आणि त्याला औषध आहे. सूज आणि व्रणांचे आजार असतात. गाठही असू शकते. हे सगळं मनात धरून घाबरायचं नाही, पण पाहायचं टाळायचंही नाही. एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: हिमोग्लोबिन एवढं कमी आहे, तर त्याच वेळी तोंडातून करायची एन्डोस्कोपीही करायची का? पुष्कळदा दोन्ही एकाच भुलीत उरकतात, म्हणजे बाबांना दुसऱ्यांदा उपाशी राहावं लागत नाही.

बाबांना समजावताना "कॅन्सर असला तर" असं सुरू करू नका. माझा अनुभव असा की त्या पिढीचे पुरुष या शब्दाने आणखी आत मिटतात. "मूळव्याधच आहे हे एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे मी परत विषय काढणार नाही," हे त्यांना पटतं, आणि ते खोटंही नाही.

आता औषधांच्या गोळ्या, कारण यात चूक झाली तर ती महागात पडते. लोहाच्या गोळ्या तपासणीच्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात. लोहाने मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीला डांबरासारखा धरून बसतो, कितीही धुतला तरी निघत नाही. सत इसबगोल घेत असतील तर तेही आधीच बंद करायचं. बरेच जण ते "पोट साफ होतं" म्हणून मुद्दाम जास्त घेतात. त्याने उलट चोथा वाढतो.

एकोस्प्रिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेलचं तसं नाही. पॉलिप काढायची शक्यता असेल तर ते पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं, पण ज्यांच्या हृदयात स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी आहे, त्यांनी ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायचं नाही. "रक्त पातळ करायची गोळी आहे, रक्त जातंय, मग बंदच करू" असं शेजारी सांगतील. ऐकू नका. दोन्ही डॉक्टरांचं बोलणं करून द्या, निदान एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. अँजिओप्लास्टीचे जुने कागद शोधून ठेवा. स्टेंट कधी आणि कुठला, हे तिथेच लिहिलेलं असतं.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून न्या. जेवण बंद असताना साखर उतरवणारी गोळी पोटात गेली तर साखर घसरते. म्हणून आदल्या दिवशीचा डोस किती आणि सकाळी घ्यायचा की नाही, हे लिहूनच घ्या, इन्सुलिनचंही तसंच. त्या यादीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असलं तर ते आठवणीने बोला. या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. घरी ग्लुकोमीटर नसेल तर आणा. आदल्या दुपारपासून दर चार तासांनी आणि पहाटे एकदा साखर बघा. ७० च्या खाली गेली किंवा हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर साधं पांढरं ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि दवाखान्याला फोन करा. तपासणी पुढे ढकलता येते.

पातळ औषधाबद्दल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड देतात. पेगलेक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती दोन लिटर पाण्यात विरघळवायची. या पुडीचे कण एवढे मोठे असतात की आतडं ते शोषून घेत नाही. ते आपल्यासोबत पाणी धरून ठेवतात आणि तसंच पुढे वाहून नेतात. सोबतचे क्षार मोजून घातलेले असल्यामुळे अंगातलं मीठ-पाणी फारसं इकडचं तिकडे होत नाही. म्हणून वयस्कर माणसाला, मधुमेह-हृदयविकार असलेल्याला आम्हाला हेच जास्त भरवशाचं वाटतं. लहान बाटलीतली फॉस्फेटची औषधंही मिळतात, प्यायला थोडी असतात म्हणून लोक तीच मागतात. पण त्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हातारपणी जास्तच. बाबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) किती आहे ते माहीत करून घ्या आणि दुकानदाराने "हे सोपं आहे" म्हणून दिलेली बाटली परस्पर वापरू नका. मूत्रपिंड किंवा हृदय फार अशक्त असेल, किंवा वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ असेल, तर पिण्याचं प्रमाण आणि तयारीचे दिवस दोन्ही बदलतात. ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच करा.

म्हणजे दोन लिटर झेपेल का? झेपतं, पण एका दमात नाही. इथेच सगळ्यात जास्त चूक होते, म्हणून थोडं थांबून सांगते.

औषध दोन भागांत घ्यायचं असतं. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या सकाळी, साधारण चार ते सहा तास आधी सुरू करून, शेवटचा घोट निदान दोन तास आधी संपेल असं. लोकांना सकाळचा भाग नकोसा वाटतो. पहाटे उठायचं, परत ते खारट पाणी, वाटेत लागली तर काय? मग ते सगळं रात्रीच पिऊन टाकतात आणि सकाळी "अगदी पाणी झालंय सिस्टर" असं सांगतात. खोटं बोलत नसतात. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर, पोटाच्या उजव्या बाजूला, त्याचा थर बसतो. चपटे, सहज न दिसणारे पॉलिप नेमके त्याच भागात जास्त असतात. सकाळचा अर्धा भाग तो थर धुवायला असतो.

काही वर्षांपूर्वी सासवडकडचे एक आजोबा आले होते. सगळं औषध रात्री दहापर्यंत संपवून, सकाळी नुसता काळा चहा घेऊन. डाव्या बाजूला आतडं आरशासारखं, उजव्या बाजूला पिवळा चिखल. डॉक्टर जेटने धूत राहिले, मी पाणी भरत राहिले, शेवटी त्यांनी नळी बाहेर काढली आणि पुन्हा यायला सांगितलं. आजोबा रागावले, ते साहजिकच होतं: गाडीभाडं, सुनेची रजा, दोन दिवसांची उपासमार. तीन आठवड्यांनी ते नीट दोन भागांत औषध घेऊन आले आणि त्याच उजव्या बाजूला दीड सेंटिमीटरचा चपटा पॉलिप निघाला. पहिल्या दिवशी कुणी "ठीक आहे, दिसलं तेवढं पुरे" म्हटलं असतं तर तो तसाच राहिला असता. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला सकाळच्या लिटरबद्दल दोनदा सांगते.

यावरून वेळेचं. सकाळी आठची वेळ घेतलीत तर बाबांना पहाटे तीनला उठावं लागेल. दुपारची घेतलीत तर मधुमेही माणूस फार वेळ उपाशी राहतो. मला विचाराल तर दहा-साडेदहाची मागा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला सुरू करून साडेसातपर्यंत आटोपता येतं.

आणि वार बघा. पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तो वार बहुतेक वेळा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने येतं. शुक्रवारची वेळ घेतली तर बाबांची तयारी नेमकी त्या कोरड्या तासांत पडते. जुन्या इमारतीत वरच्या टाकीचा भरवसा नसतो. त्या रात्री दहा-पंधरा वेळा जावं लागतं, दर वेळी बादलीभर पाणी लागतं. मंगळवार-बुधवार घ्या, किंवा आधी पिंपं भरून ठेवा. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः विसर्जनाच्या आसपास, पेठेतून निघायची वेळ घेऊच नका. रस्ते बंद असतात.

जेवणाचा भाग मी थोडक्यात सांगितला असता, पण "हलकं खा" याचा अर्थ आपल्या घरांत भलताच घेतला जातो. आम्ही म्हणतो "आदल्या दिवशी उपाशी" आणि घरी ऐकू येतं "उपवास". मग साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. एकादशीला चालतं ते इथे चालत नाही. शेंगदाण्याचे तुकडे आतड्यात जसेच्या तसे सापडतात आणि नळीचं तोंड बुजवतात. मला हवं ते याच्या उलट आहे: साल, बी आणि चोथा नसलेलं खाणं, तीन दिवस आधीपासून. मऊ भात, मुगाच्या धुतलेल्या डाळीचं घोटून गाळलेलं वरण, इडली, साल काढलेला उकडलेला बटाटा, दही, पनीर, खात असतील तर अंडं किंवा मासा. भाकरी बंद, ज्वारीचीही. पालेभाज्या, भेंडी, वांगं, टोमॅटो, मटकी-मूग, पेरू, अंजीर, तीळ, खोबरं, चटण्या, सगळं बंद. मधुमेह्यांना वर्षानुवर्षं आपण भाकरी आणि भाजी खा म्हणून सांगत आलेलो असतो, म्हणून बाबा "भात नको" म्हणतील. हे तीन दिवस अपवाद आहेत. साखर मोजत राहा, एवढंच.

आदल्या दिवशी सकाळी हलकी न्याहारी, उदाहरणार्थ दोन इडल्या, चटणीशिवाय. त्यानंतर फक्त आरपार दिसेल असं पातळ: गाळलेलं लिंबूपाणी, गाळलेलं शहाळ्याचं पाणी, दुधाशिवाय चहा, वरणाचं वरचं निवळ पाणी, सफरचंदाचा गाळलेला रस. साखर फार उतरू नये म्हणून यातलं काहीतरी थोडं गोड असलेलं बरं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं विचारून द्या, त्यात पोटॅशियम जास्त असतं. लाल-जांभळं काही नको. कोकम सरबत, डाळिंबाचा रस, बीट, गुलाबाचं सरबत आतड्यात रक्तासारखं दिसतं. उन्हाळ्यात पुण्यातल्या घरी कोकम सरबत हमखास असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता ती संध्याकाळ. दोन लिटर पाणी मोजून घ्या, पूड पूर्ण विरघळवा, फ्रीजमध्ये ठेवा. थंड असलं की खारटपणा कमी लागतो. पण हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याने हुडहुडी भरते, तेव्हा नुसतं गार पुरे. एक पेला, पाव लिटरच्या आसपास, दर पंधरा मिनिटांनी. स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायला लावा. प्रत्येक पेल्यानंतर गाळलेल्या लिंबूपाण्याचा एक घोट किंवा लिंबाची फोड नाकाशी. औषधातच साखर किंवा दुसरं काही मिसळू नका, त्यातलं प्रमाण बिघडतं. मळमळलं तर अर्धा तास थांबा, खोलीतच थोडं फिरवा, मग संथ चालू ठेवा. वारंवार उलट्या झाल्या, पोट फुगून फार दुखायला लागलं, किंवा ते गोंधळल्यासारखं बोलायला लागले, तर औषध थांबवून ताबडतोब फोन.

पहिला जुलाब कधी लागेल हे माणसागणिक वेगळं. कुणाला तासाभरात, कुणाला तीन तासांनी. बद्धकोष्ठ असलेल्यांचे नातेवाईक दोन तासांनी घाबरून फोन करतात. वाट बघा.

मला सगळ्यात जास्त काळजी असते ती रात्री पडण्याची. वयस्कर माणूस, पोट रिकामं, अंगातलं पाणी कमी, रक्तदाबाची गोळीही घेतलेली, अंधारात घाईने उठतो आणि मोरीत कोसळतो. तपासणीसाठी निघालेला माणूस खुब्याचं हाड मोडून अस्थिविभागात पोचलेला मी पाहिलाय. म्हणून रात्रभर दिवा चालू ठेवा. वाटेतला पाटा, पायपुसणं, वायर उचला. फरशी कोरडी ठेवा. संडासाला आतून कडी लावायची नाही, हे बाबांशी आधीच ठरवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि गुडघे दुखत असतील तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा, पुण्यात ती सहज मिळते. सुरू करण्याआधीच त्यांनी स्वतः त्या जागी खोबरेल तेल लावावं, आणि दर वेळी पुसून न काढता पाण्याने धुवावं. नाहीतर चार वेळा गेल्यावर इतकी आग होते की पुढचा पेला तोंडाला लावणं जड जातं.

तुमच्या कोथरूडच्या घराला लिफ्ट आणि कमोड असेल तर दोन रात्री तिकडे नेणं सोपं. तीन मजले उतरणं आणि भुलीनंतर पुन्हा चढणं, दोन्ही वाचेल. पण काही माणसांना परक्या संडासात होतच नाही, आणि लेकीच्या घरी, जावयासमोर असं सतत उठत राहणं त्यांना फार लागतं. ते नाही म्हणाले तर ओढून नेऊ नका. मग तुम्ही नारायण पेठेत जा.

आणि ते बोलणं कसं करायचं? बाबांना तुम्ही "झालं का? कसं झालं?" असं दर वेळी विचारलंत तर ते दुसऱ्या लिटरला हात लावणार नाहीत. मी असं सुचवते: एका कागदावर पेल्यांच्या वेळा लिहून तो स्वयंपाकघरात चिकटवा, खूण त्यांची त्यांनी करायची. शौचाचा रंग कसा हवा हे आधी एकदाच सांगा: शेवटी पाणी पिवळसर, नितळ, भांड्याचा तळ दिसेल असं. "तपकिरी किंवा गढूळ असेल, कण असतील, तर मला सांगा, आपण दवाखान्याला फोन करू," एवढं बाबांना म्हणा. बस. मामा, शेजारचे काका, जुना मित्र, कुणीतरी पुरुष त्या रात्री सोबत असला तर आणखी बरं. तुम्ही घरात असा, पण दुसऱ्या खोलीत. वडिलांना सांभाळणं आणि त्यांच्यावर पहारा ठेवणं यातला फरक त्यांना फार लवकर कळतो.

सकाळी निघताना मोठ्यांचा डायपर घालायला लावा आणि एक जादा लुंगी पिशवीत ठेवा. रक्तदाबाची गोळी घ्यायची असेल तर ती एका घोटभर पाण्याबरोबर, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. शेवटच्या दोन तासांत दुसरं काही नाही. पाण्याचा घोटही भूल देताना श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आमच्याकडे काय होतं ते बाबांना मोकळेपणाने सांगा. न सांगितलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. संमतीपत्रावर सही, दाताची कवळी काढून ठेवायची, हाताला सुई, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, नाकाशी ऑक्सिजन. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. अंगावर पूर्ण चादर, लागते तेवढीच जागा उघडी. पुरुष मदतनीस हवा असेल तर तसं आधी सांगा, शक्य असेल तिथे आम्ही करतो. नळी करंगळीएवढी जाड असते. मोठं आतडं साधारण दीड मीटर, आणि तिला पार उजव्या टोकापर्यंत जायचं असतं. आतडं ताणलं की मुरडा येतो, दुखतं ते तेवढंच. आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, म्हणून तुकडा घेतला किंवा पॉलिप काढला तरी तो क्षण जाणवत नाही. गुंगीचं औषध दिल्यावर बहुतेकांना काहीच आठवत नाही. बाबांच्या हृदयाच्या इतिहासामुळे भूलतज्ज्ञ हजर असतील का, हे नक्की विचारा, आणि असावेत असा आग्रह धरा. वळणावर नळी अडली की आम्ही बाहेरून पोटावर हाताने दाब देतो. खरं पाहणं असतं ते नळी बाहेर काढताना, आणि ते सावकाश, निदान सहा ते आठ मिनिटं घेऊन व्हायला हवं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. आतड्याला छिद्र पडू शकतं. नुसत्या तपासणीत हे साधारण हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. पॉलिप काढला तर थोडं जास्त, आणि त्या जागेतून पुढचे दोन आठवडे रक्त येऊ शकतं. घरी आल्यावर पोट दगडासारखं कडक झालं, दुखणं वाढत गेलं, ताप आला, चक्कर येऊन घाम फुटला, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी परत आणायचं. वारा सरून थोडं पोट दुखणं मात्र ठरलेलंच. लाजू नका म्हणावं, जितका वारा जाईल तितकं बरं वाटेल.

तपासणी संपल्यावर डॉक्टर काय सापडलं ते सांगतात, पण बाबांना गुंगीमुळे त्यातलं काही लक्षात राहणार नाही. तेव्हा तुम्ही तिथे असायला हव्यात. तीन गोष्टी विचारा: नळी सीकमपर्यंत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या टोकापर्यंत पोचली का? आतडं पुरेसं स्वच्छ होतं का? तुकडे घेतले का, आणि कुठून? पहिल्या दोन गोष्टी रिपोर्टमध्ये लिहिलेल्या असायला हव्यात, फोटोसकट. "सर्व ठीक" हे वाक्य त्या दोन उत्तरांवरच उभं असतं. क्लोपिडोग्रेल थांबवलं असेल तर ते पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायचं, हे निघायच्या आधी लिहून घ्या. घरी गेल्यावर ही गोष्ट विसरली जाते आणि स्टेंट असलेल्या माणसाला हे विसरणं परवडत नाही. त्या दिवशी त्यांनी कशावर सही करायची नाही, चोवीस तास गाडी चालवायची नाही, जिना चढताना हात धरायचा.

मेडिक्लेमचं एवढंच: नुसत्या तपासणीसाठी दाखल झाल्यास पुष्कळ पॉलिसी पैसे देत नाहीत. पॉलिप काढला तर चित्र बदलू शकतं, आधी विचारून ठेवा.

आणि तुमच्याबद्दल एक. बाबांच्या आतड्यात गाठ किंवा वाढलेला पॉलिप निघाला, तर तुमची आणि भावाची तपासणी चाळिशीत, किंवा बाबांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा करायची असते. माझ्या काकांना हा आजार उशिरा कळला. त्यानंतर माझ्या वडिलांच्या तपासणीत मोठा पॉलिप निघाला, म्हणून मी स्वतः दोनदा हे औषध प्यायलेय. दुसऱ्या वेळी एक छोटा पॉलिप निघाला, तो काढला, रिपोर्ट साधा आला. ते खारट पाणी कसं लागतं हे मला चांगलं माहीत आहे. पाचव्या पेल्याला नको होतं, सहावा गेला की उतार लागतो. बाबांना हे सांगा, की एका सिस्टरने सांगितलंय.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यांना गरम वरण-भात द्या, वर थोडं तूप. आदल्या रात्रीच तांदूळ निवडून ठेवा, सकाळी तुम्हाला वेळ मिळणार नाही.